पटावरचे मूल आणि पाहणीतले मूल

शाळेत कुणीतरी पाहणीसाठी आले आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. बी.एड.चा विद्यार्थी प्रकल्पासाठी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन येतो. एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्या येतात. विद्यापीठातला संशोधक शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र दाखवून मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेतो. मधल्या सुट्टीआधीचा एक तास मिळतो, कागद वाटले जातात, गोळा होतात आणि पाहुणे पुढच्या एस.टी.ने परत जातात. त्या कागदांचे पुढे काय झाले हे शाळेला बहुधा कळत नाही. कधीतरी वर्तमानपत्रात ‘ग्रामीण भागातील इतके टक्के मुले’ अशी बातमी येते आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणते, ‘आपली मुलं तशी नाहीत हो.’

शिक्षकांना संशोधनाचे वावडे आहे, असा या वाक्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. रोज समोर बसणारे मूल आणि पाहणीच्या अहवालातून बाहेर पडणारे मूल यांत फरक पडतो, हे शिक्षकाला जाणवलेले असते. तो का पडतो, हा मात्र शास्त्राचाच प्रश्न आहे.

गरम पाण्यात तापमापक बुडवला की पाण्यातली थोडी उष्णता तापमापक घेतो. म्हणजे आपण मोजतो ते तापमान मोजण्याआधीच्या पाण्याचे नसते, हे नववीतल्या मुलालाही सांगता येते. फरक किती पडतो त्याचा हिशेब करता येतो, म्हणून भौतिकशास्त्राचे काम अडत नाही. पण पाणी तापमापकाकडे बघत नाही. ‘याला किती अंश हवे आहेत, आणि कमी भरले तर आपल्याला कोण रागावेल?’ असा विचार पाणी करत नाही. मूल करते. मुलाचे वडील करतात. शाळाही करते. समाजशास्त्राचे शाळेतले काम अवघड होते ते इथे.

ही अडचण मोघम न बोलता एखाद्या ठिकाणी उभी करून पाहावी, म्हणून आपण पनवेल तालुका घेऊ. वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत इतक्या तऱ्हेच्या शाळा आणि इतक्या तऱ्हेची मुले क्वचितच आढळतील. जुने पनवेल शहर, तिथल्या महानगरपालिकेच्या आणि संस्थांच्या शाळा. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, खारघर या वसाहती आणि त्यांतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा. खाडीकडची आगरी-कोळी गावे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेल्या कामगारांची घरे. आणि कर्नाळा, प्रबळगडाच्या बाजूच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या. यांतला काही भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गेला, बाकीचा जिल्हा परिषदेकडे राहिला, आणि आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाच्या पेण प्रकल्प कार्यालयाकडे. परवानगीचे पत्र मागायचे तर किती दारे ठोठवायची, याचा अंदाज एवढ्यावरूनच यावा.

आता समजा, आपल्यापैकी काही शिक्षकांनी मिळून एक साधा प्रश्न घेतला: या तालुक्यातली मुले दहावीपूर्वी शाळा का सोडतात? प्रश्न चांगला आहे, गरजेचा आहे. कामाला लागू.

आधी मुले मोजू

‘का सोडतात’ हे विचारण्याआधी ‘किती सोडतात’ हे कळायला हवे, आणि ते हजेरीपटावर असणार, असे कुणालाही वाटेल. शाळेत माहितीची टंचाई नाही. जनरल रजिस्टर आहे, हजेरीपट आहे, पोषण आहाराची नोंदवही आहे, शिवाय संगणकावर भरलेली माहिती आहे. अडचण निराळीच आहे. यातला प्रत्येक आकडा कुणाला तरी सादर करण्यासाठी लिहिलेला असतो, आणि ज्याला सादर करायचा त्याची सावली त्या आकड्यावर पडलेली असते.

सर्वांत निरुपद्रवी उदाहरण जन्मतारखेचे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. १ जूनला जन्मलेली मुले पानोपानी भेटतील. जन्माची नोंद नव्हती, आईबापांना तारीख सांगता येत नव्हती, मूल सहा वर्षांचे दिसत होते, तेव्हा गुरुजींनी शाळेच्या सोयीची तारीख लिहिली. त्यात कुणाचे नुकसान करण्याचा हेतू नव्हता. पण ‘वयाने मोठी मुले लवकर शाळा सोडतात का?’ असा प्रश्न घेऊन कुणी या रजिस्टरावरून आलेख काढू लागला, तर तो मुलांच्या वयाचा आलेख न होता गुरुजींच्या अंदाजाचा होईल.

हजेरीची गोष्ट याहून नाजूक आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची पोषण आहार योजना सुरू झाली. शिजवलेले अन्न देण्याची सोय नव्हती तिथे महिन्याला ३ किलो धान्य द्यायचे, आणि त्याला अट ८० टक्के हजेरीची. ज्या शिक्षकासमोर ७४ टक्के हजेरीचे, भाताच्या एका वेळेलाही महाग असलेले मूल उभे होते, त्याने पेन कसे चालवले असेल याची कल्पना आपण करू शकतो. आम्ही त्या शिक्षकाला दोष देणार नाही. पण त्या हजेरीपटावरून हजेरीचा अभ्यास करणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. पुढे, २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, शाळेत शिजवलेले अन्न मिळू लागले आणि हजेरीपटाला आणखी एक अर्थ आला: रोजच्या तांदळाचा हिशेब.

तिसरी सावली संचमान्यतेची. पटावर किती मुले यावर शाळेत किती शिक्षक हे ठरते. पट घसरला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतो. मुख्याध्यापकांना ‘तुमच्याकडे खरोखर किती मुले येतात?’ असे विचारणे म्हणजे ‘तुमच्यातल्या कुणाची बदली करू?’ असे विचारण्यासारखे आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रीय संशोधनपद्धतींचे अभ्यासक डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हे सूत्ररूपाने मांडले होते: एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त अवलंबून, तितका तो आकडा बिघडण्याचा संभव जास्त. आपल्याकडच्या कोणत्याही केंद्रप्रमुखांना हे सूत्र न वाचताही पाठ असते.

ही गोष्ट सरकारच्याही लक्षात आली होती. म्हणूनच ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना, मतदारांच्या लावतात तशी, शाई लावण्यात आली. अनेक शाळांत पटावरची आणि वर्गातली मुले यांत मोठी तफावत सापडली. पाहणी म्हणून ती धडाक्याची खरी. पण तिच्या तारखेकडे जरा बघू या.

रायगड जिल्ह्यातली पुष्कळ कातकरी कुटुंबे पावसाळा आणि भातकापणी उरकली की, दिवाळीच्या पुढे, वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडायची म्हणजे घरातले सगळे हात लागतात. मुले बरोबर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परत येतात. कातकरी ही जमात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेली आहे. महाराष्ट्रात असे गट तीनच, दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे ज्यांच्याबद्दल नेमके ठाऊक असणे सर्वांत निकडीचे, तीच मुले वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात.

आता तारखा जुळवा. पटपडताळणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर देशात शाळांची माहिती संगणकावर गोळा करण्याची पद्धत सुरू झाली, तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. दोन्ही दिवाळीच्या आधीच्या. त्या दिवसांत वाडीवरचे मूल खरोखरच वर्गात बसलेले असते. मोजणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते, शाळेनेही नाही. मूल पटावर आहे, वर्गात आहे, बोटाला शाई आहे. आणि महिन्याभराने ते भट्टीवर कच्च्या विटा पालथ्या करत असते. उलट, एखादा संशोधक जानेवारीत सोयीची थंडी बघून आला, तर त्याला वर्गात दिसतील ती शाळेत टिकलेली मुले. त्यांना तो विचारणार, ‘मुले शाळा का सोडतात?’ ज्यांनी सोडली ती उत्तर द्यायला समोर नाहीत.

मोठ्या आणि मान्यवर अभ्यासांनाही ही मर्यादा असते. आय. पी. देसाई यांनी पुण्याच्या हायस्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अभ्यास केला. तो डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांकडे समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याचा आपल्याकडचा हा एक आरंभीचा प्रयत्न. सुमा चिटणीस यांचा पंधरा राज्यांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांवरचा अहवाल १९८१ चा. त्यात विद्यार्थी होते ते हायस्कूलमधले आणि कॉलेजमधले. म्हणजे तिथवर पोचलेले. या अभ्यासांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांतून काय विचारता येते आणि काय नाही, एवढेच ठरते.

म्हणून काहींनी शाळेच्या बाहेर जाऊन मुले मोजायचे ठरवले. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही ग्रामीण पाहणी होऊ लागली. तिच्यात जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडतात, आणि मुलाला वाचायला देतात ते त्याच्या अंगणात. त्यामुळे शाळेत नाव नसलेले, नाव असून न जाणारे, खाजगी शाळेत जाणारे, सगळेच सापडतात. पण घराला कुलूप असेल तर? भट्टीवरच्या झोपडीचा गावाच्या घरांच्या यादीत समावेश नसेल तर? वसई-ठाण्याच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. मुले सापडतात तिथे शाळा न्यायची, हा त्यामागचा विचार. संशोधनालाही हाच रस्ता आहे: याद्या सोडून मुलांच्या मागे जायचे. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि भट्टीमालक आत येऊ देईलच असे नाही.

या सगळ्याचा खटाटोप कशासाठी, असे कुणी म्हणेल. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. दहा आणि नऊ यांतला फरक म्हणजे एखाद्या वाडीवरचे एक कुटुंब भट्टीवरून परत आलेले असणे किंवा नसणे. आकडा कुठल्या महिन्यात घेतला, एवढ्यावर वाडीतली शाळा राहते किंवा जाते.

‘सर्व्हे’ म्हणजे काय?

मुले मोजून झाली असे धरू आणि प्रश्नावलीकडे वळू. पहिल्या पानावर नेहमीचे चौकोन असतात: वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, शेती किती, जात.

पनवेलच्या गावात ‘आम्ही सर्व्हे करायला आलोय’ म्हणून पाहा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली: भाताची खाचरे, मिठागरे, खाडीलगतच्या खारजमिनी. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. २०१३ मध्ये विमानतळाभोवतालच्या गावांसाठी ‘नैना’ आले आणि पुन्हा नकाशे, पुन्हा मोजण्या. विमानतळाच्या जागेवरच्या दहा गावांतल्या लोकांनी घरे सोडली. विमानतळाचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये. इतक्या वर्षांत इथल्या माणसाने ‘सर्व्हे’ हा शब्द एकाच अर्थाने ऐकला आहे. त्याच्या लेखी सर्व्हे म्हणजे सर्व्हे नंबर. त्याच्यामागून कुणीतरी जमीन न्यायला येते, किंवा मोबदल्याची यादी करायला येते.

तेव्हा ‘शेती किती?’ या प्रश्नाला दारात उभा असलेला बाप जे उत्तर देतो, ते शिक्षणाच्या संशोधकाला दिलेले नसतेच. ते सिडकोला दिलेले असते. ‘उत्पन्न किती?’ याचे उत्तर तहसीलदार कचेरीला दिलेले असते. कारण मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर एक आकडा आधीच आहे आणि दुसरा आकडा सांगून कोण अडचणीत येईल? प्रश्नकर्ता मनापासून सांगतो की आमचा सरकारशी संबंध नाही. पण त्याच्या हातात शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र असते!

‘वडिलांचा व्यवसाय’ या चौकोनाचे दुखणे आणखी वेगळे आहे. आगरी गावातला मुलगा ‘शेती’ लिहितो. शेत कधीच गेले आहे. घराच्या मागे चार खोल्या काढून त्या भाड्याने दिल्या आहेत, काका रेती-खडी पुरवतो, वडील ठेकेदाराकडे टेम्पो चालवतात आणि पावसात खाडीवर जाळे टाकतात. मुलगा खोटे बोलत नाही. घरात आपण शेतकरी आहोत असेच बोलले जाते, आणि ते एका अर्थी खरे आहे. पण अहवालात तो ‘शेतकरी कुटुंबातील मुले’ या रकान्यात जाऊन बसतो, आणि त्याच्या शेजारी येते ती खरोखर दुसऱ्याच्या खाचरावर मजुरीला जाणाऱ्या ठाकराची मुलगी. दोघांची बेरीज होते. त्या बेरजेचा अर्थ काय घ्यायचा? आमच्या मते असे चौकोन ठेवण्यापेक्षा ‘काल घरातले कोण कोण कशाला बाहेर पडले?’ असे विचारावे. उत्तर लांब येते, वर्गवारीला जड जाते, पण खरे असते.

जातीचा प्रश्न शिक्षकांना वेगळा सांगायला नको. ‘शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा,’ असे भर वर्गात म्हटल्यावर कोणती मुले कशी उभी राहतात, हे आपण पाहिले आहे. प्रश्नावलीत जात वर्गासमोर विचारली तर पुढच्या वीस प्रश्नांची उत्तरे त्या उभे राहण्याच्या छायेत लिहिली जातात. ती हवीच असेल तर शेवटी विचारावी, आणि प्रत्येकाला एकेकटे गाठून. रजिस्टरातून उतरवून घेणे सोपे वाटते. पण ती माहिती पालकांनी प्रवेशासाठी दिलेली होती, आपल्या संशोधनासाठी नव्हे.

गप्प बसलेले मूल

वर्गात प्रश्नावली वाटली की पहिला हात वर होतो आणि आवाज येतो, ‘बाई, पहिल्याचं उत्तर काय लिहायचं?’ फळ्याखाली बसून छापील कागदावर लिहायचे म्हणजे परीक्षा, हे मुलाला पहिलीपासून शिकवलेले आहे. परीक्षेत उत्तर बरोबर असते किंवा चूक. म्हणून ‘तुला शाळा आवडते का?’ याचे बरोबर उत्तर ‘हो’. ‘घरी अभ्यास करतोस का?’ हो. ‘शिक्षक मारतात का?’ नाही; आणि शिक्षक दारात उभे असतील तर नाहीच नाही. शेजारच्याचे बघून लिहिणारे दोघे तरी प्रत्येक बाकावर असतात. ९५ टक्के मुलांना शाळा आवडते, हा निष्कर्ष अशा रीतीने निघतो.

लिहिण्याऐवजी बोलून विचारले तरी प्रश्न मिटत नाही. वाडीवरून आलेल्या मुलाला बाहेरच्या माणसाने काही विचारले की ते जमिनीकडे बघते, अंगठ्याने माती उकरते. वहीत नोंद होते: ‘प्रतिसाद नाही’. दोन-चार अहवालांनंतर ‘या मुलांची भाषा कमी असते’ असे विधान तयार होते आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत जाऊन बसते.

या विधानाची झाडाझडती एकदा नीट झालेली आहे, ती न्यूयॉर्कमध्ये. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात हार्लेम या काळ्या वस्तीतल्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केला. आठ वर्षांच्या एका मुलाची मुलाखत घ्यायला पाठवलेला माणूस त्याच वस्तीत वाढलेला, त्याच समाजाचा होता. तरी मुलगा एकेका शब्दात उत्तरे देत राहिला. मग पुढच्या भेटीत चार गोष्टी बदलल्या. मुलाखतकाराने बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर बसवले, स्वतः जमिनीवर बसकण मारली, आणि मोठ्यांसमोर उच्चारू नयेत असे शब्द आपणच आधी उच्चारले. तोच मुलगा मित्राच्या बोलण्यात तोंड घालून, भांडून, बोलायला लागला. १९६९ च्या लेखात लॅबॉव्ह यांनी दाखवले की ‘भाषा कमी’ हा निष्कर्ष मुलाबद्दलचा नव्हताच. मोठा माणूस, लहान मूल, आणि बोललेले अंगावर येण्याची भीती, अशा प्रसंगाबद्दलचा तो निष्कर्ष होता.

हार्लेम फार लांब आहे, पण प्रसंग आपल्याकडेही तोच. शिवाय आपल्याकडे बोलीची भर. कातकरी घरातले मूल एक बोली बोलते, आगरी घरातले दुसरी, पुस्तक तिसऱ्याच मराठीत. आणि शिक्षक देशावरून बदलून आलेले असतील तर त्यांची चौथी. आगरी बोलीत चटपटीत बोलणारे पोर प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ‘हां’ म्हणून मोकळे होते. तेव्हा काही साधे उपाय कामी येतात. मुलांना दोघादोघांनी बोलवावे. टेबलाच्या पलीकडे बसू नये. नेहमीच्या सवयी विचारण्याऐवजी ठरावीक दिवस विचारावा: ‘काल शाळा सुटल्यावर आधी कुठं गेलास? मग?’ ‘रोज अभ्यास करतेस का?’ याला हो म्हणणारी मुलगी या प्रश्नाला पाण्याचे दोन हंडे, धाकट्या भावाची आंघोळ आणि सरपणाची मोळी सांगते. शाळा सोडण्याच्या कारणांची सुरुवात तिथे असते.

बघणारा आणि बघितलेले

शाळासुद्धा मुलासारखीच वागते. कुणी येणार असे कळले की फळ्यावर सुविचार येतो, तक्त्यांवरची धूळ जाते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून ‘आपल्याकडे लक्ष आहे हे कळले की माणसे वेगळे काम करतात’ असा सिद्धान्त निघाला. पाठ्यपुस्तकांत तो ठामपणे दिलेला असतो. जुने आकडे अलीकडे पुन्हा तपासले तेव्हा परिणाम सांगितला गेला तितका स्पष्ट निघाला नाही, हे मात्र पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

यावर एक तोड म्हणजे न सांगता जाणे. २००३ मध्ये देशातल्या २० राज्यांत सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन शिक्षकांची उपस्थिती पाहिली गेली. सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्राचा आकडा सर्वांत कमी, १४.६ टक्के. यात रजेवरचे आणि सरकारी कामावर गेलेलेही धरलेले होते, त्यामुळे हा कामचुकारांचा आकडा समजू नये. पद्धत म्हणून तिच्यातून खरे आकडे मिळतात, हे मान्य. पण धाड घालून आलेल्याला दुसऱ्या दिवशी कोण शिक्षक मोकळेपणाने सांगेल की वर्गात पोरे का टिकत नाहीत?

दुसरी तोड उलट टोकाची: इतके दिवस राहायचे की पाहुणेपण संपते. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ व्हेरोनिक बेनेई मराठी शिकल्या आणि कोल्हापूरच्या शाळांत दीर्घकाळ जाऊन बसल्या. त्यांचे पुस्तक २००८ चे. सकाळची प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, इतिहासाचा तास यांतून मुलांच्या मनात देश कसा रुजतो, हे त्यांनी टिपले. परिपाठ आपण सगळे रोज घेतो. रोज घेतो म्हणूनच तो आपल्याला दिसत नाही. असे काम प्रश्नावलीने होत नाही. पण मूठभर शाळांवरून तालुक्याची टक्केवारीही सांगता येत नाही.

शिक्षकच संशोधक असेल तर

मग शिक्षकानेच हे काम का करू नये? तो जूनपासून एप्रिलपर्यंत तिथे असतो. कोणत्या घरी उचल घेतली आहे, कुणाचे लग्न ठरले आहे, हे त्याला बाहेरच्या कुणापेक्षाही आधी कळते. आम्हांला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि सर्वांत जोखमीचाही. कारण गुण त्याच्या हाती, दाखला त्याच्या हाती. त्याने विचारले आणि मुलाने ‘नाही सांगत’ म्हटले, असे आपल्या वर्गात होते का? मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणजे मुलाने दिली असे होत नाही. एक छोटी युक्ती आहे: सगळ्यांना कागद द्यावा, आणि ज्याला लिहायचे नाही त्याने कोरा कागद घडी घालून पेटीत टाकावा. पेटीत टाकताना सगळे सारखेच दिसतात. केंद्रातल्या शिक्षकांनी शाळा बदलून एकमेकांच्या मुलांना विचारणे, हाही एक उपाय.

‘तुझे नाव कुणाला कळणार नाही’ हे वचन तर फार जपून द्यावे. शहरातल्या पाचशे मुलांच्या शाळेत नाव गाळले की पुरते. वाडीवरच्या १८ मुलांच्या शाळेत ‘सातवीतली कातकरी मुलगी’ एवढे लिहिले की नाव लिहिल्यासारखेच झाले. तिथे टक्केवारीही फसवी: एक मूल गेले की साडेपाच टक्के गळती. आणि काही गोष्टी गुप्त ठेवताच येत नाहीत. मुलीने अत्याचाराबद्दल काही सांगितले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे आधीच म्हणून बसलेला शिक्षक त्या क्षणी मुलीचा विश्वास तरी मोडतो किंवा कायदा तरी. म्हणून सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगावे: तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला मदत मागावी लागेल.

करून पाहायचे असेल तर आम्ही एक लहान काम सुचवू. केंद्रातल्या सर्व शाळांनी एकाच दिवशी, आधी सप्टेंबरात आणि नंतर फेब्रुवारीत, तीन रकान्यांची मोजणी करावी: पटावर किती, आज वर्गात किती, आणि जी वर्गात नाहीत ती आज कुठे आहेत. पहिले दोन रकाने पाच मिनिटांत भरतात. तिसऱ्यासाठी वाडीवर जावे लागते, शेजाऱ्यांना विचारावे लागते, जमल्यास भट्टीपर्यंत चालत जावे लागते. दोन्ही महिन्यांचे कागद शेजारी ठेवले की तालुक्यातल्या गळतीबद्दल छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक कळेल. जे कळेल ते पावसाळ्याच्या तोंडाशी, माणसे परतल्यावर, वाडीतच वाचून दाखवावे. चुकीचे असेल तर तिथली माणसे लगेच सांगतात.

तिसऱ्या रकान्यात मुलांची नावे आणि भट्ट्यांची ठिकाणे असतील. तो कागद एखाद्या मुलासाठी भट्टीवर शाळा आणू शकतो, आणि एखाद्या शाळेचा पट दहाच्या खालीही दाखवू शकतो. तो कुणाकडे ठेवायचा आणि कुणी मागितला तर द्यायचा की नाही, हे पहिल्या मोजणीच्या आधी सर्वांनी बसून ठरवावे लागेल. मोजणी झाल्यावर ते ठरवणे आपल्या हातात राहत नाही.